सकाळी साडेनऊला बॅग घेऊन कुठे जायचं?

पत्राचा सारांश : पत्रलेखकांचं वय ४७. नाशिकला राहतात. बी.एस्सी. झाल्यावर एमआर म्हणजे डॉक्टरांना भेटणारे कंपनीचे विक्री प्रतिनिधी म्हणून लागले आणि २३ वर्षं औषध कंपन्यांत काढली. त्यातली शेवटची नऊ एरिया मॅनेजर म्हणून, हाताखाली सहा मुलं. मार्चअखेर कंपनीने दोन डिव्हिजन एकत्र केल्या आणि त्यांना ‘स्वतःहून’ राजीनामा द्यायला सांगितला. त्याला सात महिने होत आले. पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत, त्यांना सगळं ठाऊक आहे. बारावीतल्या मुलाला आणि घरातल्या म्हाताऱ्या आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. हे रोज साडेनऊला बॅग घेऊन निघतात, एका वाचनालयाच्या अभ्यासिकेत एमपीएससीच्या मुलांमध्ये बसतात आणि संध्याकाळी घरी परततात. समोर चार वाटा आहेत : मेव्हण्यांच्या भांडवलावर औषधांची स्टॉकिस्टशिप (म्हणजे दुकानांना घाऊक माल पुरवणं), सिन्नर तालुक्यातली वडिलोपार्जित दोन एकर जमीन, कुठल्या तरी कॉलेजात शिकवणं, किंवा एका छोट्या कंपनीत पुन्हा एमआर, तेही पूर्वी त्यांच्याच हाताखाली असलेल्या मुलाच्या हाताखाली. ते लिहितात, “यातलं काहीही निवडेन, पण त्यातून उरलेल्या आयुष्याचा हेतू सापडायला हवा. कुणी ‘काय करता?’ विचारलं की मी गप्प होतो. मी आता नक्की कोण आहे?”

नमस्कार,

पत्र लांबल्याबद्दल तुम्ही दोनदा माफी मागितली आहे. मला तर ते लांबलं हे बरंच झालं. लांब पत्रात माणूस कुठे रेंगाळतो आणि कुठे उरकतो ते दिसतं. स्टॉकिस्टशिप तुम्ही पाच ओळींत उरकलीत, शेती तीन ओळींत, कॉलेजच्या वाट्याला तर एकच वाक्य आलं. आणि येवल्याच्या त्या मुलाला अख्खं पान दिलंत.

इतर वाचकांसाठी तो प्रसंग थोडक्यात सांगते. नवा लागलेला मुलगा, पहिलाच महिना. एका डॉक्टरांनी त्याला पेशंटसमोर झापलं, व्हिज्युअल एड, म्हणजे औषधांची माहिती दाखवायचं चित्रांचं पुस्तक, उघडूही दिलं नाही. मुलगा एसटी स्टँडवर जाऊन बसला आणि तिथून तुम्हाला फोन केला, नोकरी सोडतो म्हणून. तुम्ही मनमाडला होतात, तसेच येवल्याला गेलात. उपदेश केला नाहीत. त्याला घेऊन दवाखान्यासमोरच्या मेडिकलच्या कोपऱ्यात तासभर उभे राहिलात आणि येणाऱ्या चिठ्ठ्या बघायला लावल्यात. तेवढ्यात त्याच्या ध्यानात आलं की डॉक्टर रोज लिहितात ते एक सिरप चार दिवसांपासून दुकानात नाहीच, आणि दुकानदार प्रत्येकाला दुसरंच काहीतरी देतोय. पुढच्या भेटीत त्या मुलाने बॅग उघडलीच नाही. एवढंच म्हणाला, “सर, तुमचं ते सिरप समोर मिळत नाहीये. आमच्या कंपनीचं नाही ते, पण स्टॉकिस्टला सांगून ठेवलंय, उद्या येईल.” डॉक्टरांनी त्याला खुर्ची दाखवली.

हे लिहिताना तुमची भाषाच बदलली आहे. बाकी पत्रात ‘प्रदीर्घ अनुभव’, ‘नवी दिशा’, ‘सकारात्मक बदल’ असली बायोडेटात शोभणारी शब्दसंपत्ती आहे. या पानावर त्यातलं काही नाही. या पानाकडे मी परत येणार आहे. त्याआधी तुमच्या प्रश्नातल्या काही गोष्टी मला पटलेल्या नाहीत, त्या सांगू द्या.

नोकरी होती तोवर आयुष्याला हेतू होता आणि मार्चमध्ये तो गेला, असं तुम्ही धरून चालला आहात. पण याच पत्रात तुम्ही लिहिलंय की अडतिसाव्या वर्षीच सगळं सोडून द्यावंसं वाटत होतं. महिनाअखेरीला क्लोजिंगसाठी, म्हणजे विक्रीचं टार्गेट पुरं करण्यासाठी, स्टॉकिस्टच्या हातापाया पडायचं, नको असलेला माल त्याच्या गळ्यात मारायचा आणि पुढे तोच माल एक्सपायरीत परत घ्यायचा. “याला काय काम म्हणायचं?” हे तुमचेच शब्द. मग तो हेतू होता कधी? मला वाटतं, तेव्हा हा प्रश्न पडायलाच सवड नव्हती. सकाळी टूर प्रोग्रॅमप्रमाणे निघायचं, दिवसभर कॉल म्हणजे डॉक्टरांच्या भेटी, रात्री जेवण गार होईपर्यंत रिपोर्टिंग. ज्याचा दिवस दुसऱ्याने आखून दिलेला असतो, त्याला आपण कशासाठी उठलो हे स्वतःला विचारावं लागत नाही.

मार्चमध्ये तुमचं काहीतरी गेलं हे खरंच आहे, आणि ते लहानसहान नाही. पूर्वी दिवसाला चाळीस फोन यायचे, आता चार येतात आणि त्यातले दोन क्रेडिट कार्डवाल्यांचे, हे तुम्ही गमतीने लिहिलंय. दुखणं तिथे आहे. पिंपळगावच्या केमिस्टचा माल अडला की त्याला तुम्ही आठवायचात. सहा मुलं रजेसाठी, खर्चाच्या बिलांसाठी, कधी नुसत्या शिव्या खाण्यासाठी तुमच्याकडे यायची. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय, ही रोज मिळणारी पावती एकदम बंद झाली. ती मिळेनाशी झाल्यावर माणूस गप्प होणारच. पण त्याला ‘आयुष्याचा हेतू हरवला’ एवढं मोठं नाव दिलंत की उपायही तेवढाच मोठा शोधावा लागतो, आणि तो अभ्यासिकेच्या खुर्चीत बसून सापडत नाही. कुणाचं तरी अडतंय अशा ठिकाणी पुन्हा जाऊन उभं राहणं, हे मात्र करता येतं. त्यासाठी आधी स्वतःचा शोध वगैरे पूर्ण व्हावा लागत नाही.

आता ‘मी कोण’ हा प्रश्न. काम गेलं की ओळख जाते, असं आपल्याकडे तरी होताना दिसत नाही. उलट ती नको इतकी चिकटून राहते. कुलकर्ण्यांची वतनं १९५० च्या कायद्याने खालसा झाली, तरी आज हिंजवडीत कोडिंग करणारा कुलकर्णीच असतो. आणि गिरणगावाचं बघा. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतल्या गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही. पुढे कुणी भाजीची गाडी लावली, कुणी वॉचमन झालं, कुणी कोकणात किंवा घाटावर जमिनीकडे परतलं, आणि कितीतरी घरं बायकांनी खानावळी चालवून, शिवणकाम करून तगवली. इतक्या वर्षांनी म्हाडाच्या घरांसाठी तीच माणसं, नाहीतर त्यांचे वारस, अर्ज करतात ते ‘गिरणी कामगार’ म्हणूनच. गिरणी पुन्हा सुरू होईल म्हणून जे थांबून राहिले त्यांचे हाल जास्त झाले, असं त्या पिढीतली माणसं सांगतात.

तेव्हा तुमची जुनी ओळख टिकवण्यासाठी तुम्हाला काही करावं लागणार नाही. पुढची वीस वर्षं नाशिकची निम्मी केमिस्ट मंडळी तुम्हाला ‘साहेब’च म्हणतील, तुम्ही कांदे विकत असलात तरी. आणि नवी ओळख घाईने मिळवता येत नाही. ती इतर लोक ठरवतात, तीही तुम्ही वर्ष-दोन वर्षं एखादं काम करताना त्यांना दिसलात की मग. मधला काळ बिननावाचा जातो. चाळिशी उलटल्यावर काम बदलणाऱ्या सगळ्यांनाच तो काढावा लागतो. त्याला लवकर नाव द्यायच्या नादात लोक व्हिजिटिंग कार्डं छापतात, घरातल्या खोलीला ऑफिस म्हणतात आणि भलत्या धंद्यात पैसे घालतात.

अजून एक. पैसा, मान आणि समाधान या तिन्ही गोष्टी एकाच कामातून मिळाव्यात, असा तुमचा हट्ट दिसतो. हा हट्ट कुठून आला कोण जाणे. आपल्याकडच्या एका अख्ख्या पिढीने बँकेत, एलआयसीत, वीज मंडळात आठ तास खर्डेघाशी केली आणि संध्याकाळी राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमीला धावली. त्यांना कुणी ‘तुमच्या नोकरीत तुमचा हेतू आहे का?’ असं विचारलं असतं तर ती माणसं हसली असती. पगार एकीकडून यायचा, जीव दुसरीकडे रमायचा, आणि त्यात फसवणूक झाल्यासारखं कुणाला वाटत नव्हतं. तुमच्या चारही पर्यायांना तुम्ही एकच परीक्षा लावली आहे : यात उरलेलं आयुष्य सामावेल का? त्या परीक्षेत कुठलंही काम नापासच होईल.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. ती बॅग.

‘पत्नीच्या पगारावर घर चालतंय याची लाज वाटते’, असं तुम्ही लिहिलंय. तेवीस वर्षं तुम्ही आठवड्यातले तीन-तीन दिवस एरियात होतात तेव्हा त्यांनी शाळा, मूल आणि सासूबाई सांभाळल्या. तेव्हा ते तुम्हाला घर चालवणं वाटलं नाही. आज त्यांचा पगार लागतोय तेव्हा वाटतंय. ते राहू द्या. मला वेगळीच काळजी वाटते. सात महिने त्या तुमच्या वतीने रोज खोटं बोलताहेत. सासूबाईंनी ‘आज कुठे गेलाय?’ विचारलं की एखाद्या गावाचं नाव घ्यायचं, आणि मुलाला कळू नये म्हणून पैशांचं बोलणं त्याच्यासमोर टाळायचं. तुम्हाला निदान अभ्यासिका आहे, त्यांना घरातून कुठे निघून जायलाही जागा नाही. या सात महिन्यांत त्यांना काय वाटतंय, याबद्दल तुमच्या एवढ्या लांब पत्रात एक ओळ नाही. आज संध्याकाळी विचारा.

मुलाला सांगत नाही कारण त्याचं बारावीचं वर्ष आहे, असं तुमचं म्हणणं. मला ते कारण उलटं वाटतं. सतरा वर्षांच्या मुलाला सात महिन्यांत काही कळलं नसेल, हे मला तरी खरं वाटत नाही. बाबांचा फोन वाजत नाही, महिनाअखेरीची चिडचिड नाही, कंपनीच्या नियमित ‘सायकल’ मीटिंगला हॉटेलात जाणं नाही, घरात सॅम्पलची खोकी येत नाहीत. त्याला जे माहीत नाही ते एवढंच की आपली पुढची फी भरली जाणार का. ते कुणाला विचारताही येत नाही, कारण विचारलं तर आपल्याला कळलंय हे कळेल. फेब्रुवारीतली परीक्षा हे ओझं घेऊन देण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.

सांगताना ‘आपल्याला महत्त्वाचं बोलायचंय’ असला दरबार भरवू नका. जेवणं आटोपल्यावर, पत्नी समोर असताना, सरळ सांगा : “मार्चमध्ये माझी नोकरी गेली. तुला सांगायला जमलं नाही. आईच्या पगारात घर चालतंय. तुझ्या ॲडमिशनसाठी अमुक इतके पैसे वेगळे ठेवलेत.” आकडा सांगा, आणि खरा सांगा. पैसे कमी असतील तर तेही सांगा; सरकारी कॉलेज, शैक्षणिक कर्ज यांचा विचार त्याला आत्तापासून करता येईल. तो चिडेल, बहुधा नोकरी गेली म्हणून नव्हे, लपवलं म्हणून. त्याला चिडू द्या. आईंना दुसऱ्या दिवशी सांगा. सिन्नरच्या कोरडवाहू शेतीत संसार केलेल्या बाईने याहून वाईट वर्षं पाहिली असणार.

त्यानंतर बॅग घेऊन बाहेर पडायचं काही कारण उरत नाही. रिकामी करून ठेवून द्या.

आणि लग्नकार्यात विचारतात त्या ‘काय करता?’चं उत्तर तयार ठेवा. “तेवीस वर्षं औषध कंपनीत होतो. मार्चमध्ये सोडलं. सध्या दोन-तीन गोष्टी बघतोय.” एवढं पुरे. गंमत अशी की समोरच्याला याहून जास्त ऐकायचं नसतंच, त्याला स्वतःचं सांगायचं असतं. तुम्हीही त्याला विचारा. हे उत्तर आधी कुणा परक्यापुढे म्हणून बघा. बसमधल्या शेजाऱ्याला, कटिंगवाल्याला. तोंडाला सवय झाली की मेव्हण्यांपुढेही म्हणता येईल.

आता तुमच्या चार वाटा. शेती आणि कॉलेज मी लवकर उरकते, कारण तुम्हीही उरकलंत. तुमची दोन एकर सिन्नरच्या पूर्व भागात, पाऊस मुळात तुटपुंजा. विहिरीला पाणी किती महिने असतं याचा पत्रात उल्लेख नाही, आणि ज्याला शेती करायची असते तो आधी पाण्याचं बोलतो. कांद्याचं तर नाशिककराला मी काय सांगू? डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली ती मे २०२४ मध्ये उठली, मधल्या काळात भावाचं काय झालं ते तुम्ही लासलगावात डोळ्यांनी पाहिलं असेल. जमीन आहे ती राहू द्या. सातबारावर वडिलांनंतर वारसांची नोंद लागली नसेल तर तेवढं तलाठ्याकडे जाऊन करून घ्या. कॉलेजचं म्हणाल तर फार्मसी कॉलेजात कायम शिकवायला फार्मसीचीच पदवी लागते, बी.एस्सी. चालत नाही. अधूनमधून पाहुणे वक्ते म्हणून बोलावतील, त्यावर घर चालणार नाही.

पत्राच्या शेवटी कंसात तुम्ही ‘नाहीतर एखादं मेडिकल टाकावं का?’ असंही विचारलंय. किरकोळ दुकानाला नोंदणीकृत फार्मासिस्ट लागतो, जनऔषधी केंद्रालाही लागतो. त्यासाठी डी.फार्म. म्हणजे दोन वर्षं पूर्णवेळ आणि वर ५०० तासांचं प्रशिक्षण. पगारी फार्मासिस्ट ठेवून दुकान चालवणं कायदेशीर आहे, फक्त तो खरोखर काउंटरवर उभा हवा. कुणाचं तरी सर्टिफिकेट भाड्याने घेऊन भिंतीवर लावणं कायदेशीर नाही. ते कसं चालतं हे तुम्ही इतकी वर्षं पाहिलंय, त्यामुळे मोहात पडू नका एवढंच म्हणते.

स्टॉकिस्टशिपचं वेगळं आहे. तिथे मेव्हणे उपकार करताहेत अशा सुरात तुम्ही लिहिलंय. जरा कागद बघा. घाऊक परवान्यासाठी, म्हणजे फॉर्म २०-बी आणि २१-बीसाठी, जागा किमान १० चौरस मीटर लागते आणि एक सक्षम व्यक्ती दाखवावी लागते : नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा मॅट्रिक होऊन औषध विक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेला, किंवा पदवीधर आणि औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव असलेला. मेव्हण्यांचा व्यवसाय हार्डवेअरचा. म्हणजे परवान्यावर नाव लागणार ते बहुधा तुमचं. तुमचा कंपनीतला अनुभव एफडीए (अन्न व औषध प्रशासन) कोणत्या पत्रावर ग्राह्य धरेल, हे नाशिकच्या कार्यालयात जाऊन आधी विचारून घ्या. पण तो धरला गेला तर या व्यवहारात त्यांना पैशांइतकीच तुमची गरज आहे, आणि भागीदारीच्या करारात ते दिसायला हवं. माझ्या मते तुमचा पीएफ या धंद्यात जाता कामा नये, निदान पहिली दोन वर्षं तरी. घाऊक औषधांत मार्जिन आठ-दहा टक्क्यांचं, आणि केमिस्ट माल घेतो उधारीवर. ज्या केमिस्टांकडे तुम्ही तेवीस वर्षं हसतमुखाने गेलात त्यांच्याकडेच उद्या वसुलीला जायचंय. मन त्याला तयार आहे का, हे एखाद्या ओळखीच्या स्टॉकिस्टकडे महिनाभर बसून बघा. क्लोजिंगच्या आठवड्यात बसा. काउंटरच्या त्या बाजूने ते कसं दिसतं ते कळेल.

राहिली ती चौथी वाट, जिच्याबद्दल तुम्ही ‘हे तर शक्यच नाही’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलंय. पुन्हा एमआर. तुम्हाला दोन हरकती आहेत. एक, आपण शिकवलेल्या मुलाला रिपोर्ट करायचा. दोन, तेच क्लोजिंग, तोच गळ्यात माल मारण्याचा प्रकार. दुसऱ्या हरकतीसाठी नाही म्हणालात तर मी तुमच्या बाजूने आहे. पहिलीसाठी म्हणू नका. त्या मुलाने या जागेसाठी तुम्हाला स्वतःहून फोन केला, म्हणजे त्याच्या मनात तुमची जागा काय आहे ते उघड आहे. अवघड त्यालाही जाणार आहे. जायचं ठरलंच तर त्याच्याशी आधी मोकळं बोला : मीटिंगमध्ये तू साहेब, बाहेर जे आहोत ते आहोत. घरच्या हिशेबात वर्षभर टिकण्याइतके पैसे नसतील, तर ही वाट मी सगळ्यात वर ठेवेन. पगार सुरू होतो, पीएफ आणि ग्रुप विमा परत मिळतो, आणि डोकं ताळ्यावर ठेवून पुढचं बघता येतं. ते ‘मागे जाणं’ आहे की नाही, याचा निकाल आत्ता लावायची गरज नाही.

आणि आता येवला.

तुमच्या चार वाटांमध्ये ती नाही, कारण तुम्हाला तो व्यवसाय वाटत नाही. नवख्या मुलाला फील्डवर घेऊन जाणं, त्याला मेडिकलच्या काउंटरवर बघायला शिकवणं, झापलं गेल्यावर पुन्हा त्याच दारात उभं करणं, हे तुम्ही ‘कामाचा भाग’ म्हणून करत होतात. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी ट्रेनिंग डिपार्टमेंट असतं. छोट्या कंपन्यांत, दुसऱ्याकडून औषधं बनवून घेऊन स्वतःच्या नावाने विकणाऱ्या प्रोपगंडावाल्यांकडे, मालक पाच-सात पोरं भरतो, त्यांना लिटरेचर देतो आणि सोडून देतो. निम्मी पोरं तिसऱ्या महिन्यात पळतात आणि मालक पुन्हा जाहिरात देतो. नाशिकमध्ये अशा मालकांना तुम्ही नावानिशी ओळखता. त्यातल्या दोघा-तिघांकडे जा. ‘ट्रेनिंग देतो’ असं म्हणू नका, त्या शब्दाने त्यांना प्रोजेक्टर आणि नाश्ता आठवतो. “तुमच्या नव्या पोरांबरोबर आठवड्यातले दोन दिवस फील्डवर फिरतो, दिवसाचे इतके घेईन, दोन महिने बघा” असं सांगा. पैसे कमी घ्या हवं तर, फुकट मात्र करू नका. फुकट मिळालेल्या माणसाला मालक दुसऱ्या आठवड्यात क्लोजिंगच्या वसुलीला धाडतो.

यातून घर चालेल असा माझा दावा नाही. कदाचित तिसऱ्या महिन्यात तुम्हाला कंटाळा येईल, कदाचित ती एकच आठवण गोड असेल आणि रोजचं काम नसेल. तेही कळलेलं बरं. दोन महिने एवढ्याचसाठी की त्यात आठवड्याचे दोन दिवस कुणीतरी तुमची वाट बघत असेल आणि उरलेले दिवस स्टॉकिस्टकडे बसता येईल. नुसता विचार करून जे सात महिन्यांत ठरलं नाही, ते असं हातपाय हलवून ठरण्याची शक्यता जास्त आहे.

ज्या वाचकांचं क्षेत्र वेगळं आहे त्यांनी एवढंच करून बघावं : स्वतःची कहाणी कुणाला तरी लांबलचक लिहावी, ईमेलने चालेल, आणि आठवड्याने वाचून आपण कुठे रेंगाळलो त्यावर खूण करावी. बायोडेटा वाचून ते कळत नाही. बायोडेटा नोकरी देणाऱ्यासाठी लिहिलेला असतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. तेवीस वर्षांत तुम्ही तीन कंपन्या बदलल्यात. तिन्ही ठिकाणचा पीएफ एकाच यूएएनखाली (पीएफच्या कायम राहणाऱ्या क्रमांकाखाली) आला आहे का ते पासबुकात बघा, राहिला असेल तर वर्ग करून घ्या. पेन्शन योजनेत दहा वर्षं भरली असतील तर ५८ व्या वर्षापासून मासिक पेन्शन मिळते. पन्नाशीनंतर आधीही घेता येते, पण ५८ च्या आधीच्या प्रत्येक वर्षामागे ४ टक्के कापली जाते, तेव्हा घाई नको. शेवटच्या कंपनीत नऊ वर्षं होतात, म्हणजे ग्रॅच्युइटी मिळायला हवी. ती पदरात पडली की नाही हे पत्रात नाही. वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून. हिशेब स्वतः करून बघा आणि आकडा जुळत नसेल तर लेखी मागा. सगळ्यात तातडीचं म्हणजे आरोग्य विमा. कंपनीचा ग्रुप विमा नोकरीबरोबर गेला. तुम्हाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. नवी पॉलिसी घेताना ती लपवू नका. आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो आणि तो पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजला जातो, म्हणून जितका उशीर कराल तितका तो पुढे सरकणार. पत्नीच्या नोकरीतून तुम्हाला काही संरक्षण मिळतं का, तेही शाळेच्या कार्यालयात विचारा.

पहाटे साडेतीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही, असं तुम्ही सहज लिहून गेलात. हे सात महिने चालू असेल तर रक्तदाबासाठी जाता त्याच डॉक्टरांना सांगा. इतक्या डॉक्टरांच्या केबिनबाहेर तुम्ही बसलात, एकदा पेशंट म्हणून आत जा. बोलावंसं वाटलं आणि ओळखीच्यांसमोर नको वाटलं तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे. तिथे मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

मेव्हण्यांना तुम्ही सात महिने ‘बघू’ म्हणत आला आहात, त्यांनाही आता उत्तर हवंय. त्यांना सांगा की जानेवारीअखेरपर्यंत मी एका स्टॉकिस्टकडे बसून धंदा समजून घेतोय, परवान्याचं एफडीएत विचारतोय, आणि आलो तर कामाचा भागीदार म्हणून येईन, पीएफ घालणार नाही. हे ऐकून ते थांबले तर पुढचं बोलणं होईल. नाही थांबले तर त्यांना पीएफच हवा होता, आणि तसं असेल तर ते आत्ताच कळलेलं चांगलं.